शांत समुद्रात अडलेले जहाज

१८९३ सालचा ऑगस्ट संपत आला होता. सैबेरियाच्या उत्तरेला, तैमिर द्वीपकल्पाच्या किनाऱ्याजवळून एक लाकडी जहाज पूर्वेकडे चालले होते. जहाजावर तेरा माणसे होती, पाच वर्षांचा शिधा होता आणि बॉयलरमध्ये भरपूर वाफ होती. समुद्र तळ्यासारखा सपाट होता. तरीही जहाज पुढे सरकेना. एरवी ताशी चार-साडेचार सागरी मैल सहज कापणारे हे जहाज एका मैलावर आले. सुकाणू धड ऐकेना. वळून पाहिले, गिरकी घेऊन पाहिले, काहीच उपयोग होईना. छोट्या होडीतून अर्ध्या तासात वल्हवत गेलो असतो, तेवढ्या अंतरासाठी कित्येक तास गेले.

जहाजाचे नाव होते फ्राम. नॉर्वेजियन भाषेत त्याचा अर्थ ‘पुढे’!

ही गंमत त्या वेळी जहाजावरच्या कोणाला सुचली असेल असे वाटत नाही. कारण सैबेरियाचे उत्तर टोक, केप चेल्युस्किन, हिवाळ्याआधी ओलांडणे भाग होते. स्वीडनच्या नॉर्डेनशॉल्ड यांनी पंधरा वर्षांपूर्वी ते टोक पहिल्यांदा जहाजाने ओलांडले होते. मध्येच बर्फाने गाठले असते, तर एक वर्ष वाया गेले असते आणि सगळी मोहीम धोक्यात आली असती.

मोहिमेचे प्रमुख होते ३१ वर्षांचे फ्रित्यॉफ नान्सेन. त्या कटकटीच्या तासांतही त्यांनी एक गोष्ट टिपून ठेवली. समुद्राच्या पृष्ठभागावरचे पाणी जवळजवळ गोडे होते, पिता येईल इतके. पण इंजिनाच्या खोलीत, जहाजाच्या तळाशी असलेल्या तोटीतून येणारे पाणी इतके खारट होते की बॉयलरमध्ये घालायची सोय नव्हती. म्हणजे वर गोड्या पाण्याचा पातळ थर आणि खाली खारे पाणी. जहाज जणू दोन समुद्रांत एकाच वेळी तरंगत होते. या नोंदीतून पुढे सागरविज्ञानाचे एक नवे दालन उघडले. खोल समुद्रात, पृष्ठभागावर पत्ताही लागू न देता फिरणाऱ्या प्रचंड लाटांचे हे दालन. या लाटांना आज अंतर्गत लाटा म्हणतात.

नान्सेन यांचे नाव आपल्याकडे ध्रुवप्रदेशाचे साहसवीर म्हणून माहीत आहे. शांततेचे नोबेल मिळवणारे म्हणूनही ते काहींना ठाऊक असतात. पण मुळात हा माणूस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसणारा प्राणिशास्त्रज्ञ होता. १० ऑक्टोबर १८६१ रोजी ख्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ओस्लोजवळ, एका वकिलाच्या घरी त्यांचा जन्म झाला. लहानपणापासून बर्फावर स्की करण्यात पटाईत. विद्यापीठात प्राणिशास्त्र घेतले, तेही मोकळ्या हवेत राहायला मिळेल या आशेने. १८८२ मध्ये सीलची शिकार करणाऱ्या व्हायकिंग या जहाजावरून ते आर्क्टिकला गेले. तिथे बर्फावर वाहत आलेली लाकडे त्यांनी पाहिली. इथे तर झाडे नाहीत, मग ही आली कुठून, हा प्रश्न त्यांच्या मनात राहिला.

परतल्यावर बर्गेनच्या वस्तुसंग्रहालयात त्यांना नोकरी मिळाली. हे संग्रहालय साधे नव्हते. त्याचे प्रमुख डॅनिएलसेन हे कुष्ठरोगाचे नामवंत अभ्यासक होते आणि कुष्ठरोगाचा जंतू शोधणारे आरमॉर हान्सेन यांचाही तिथे वावर होता. अशा वातावरणात नान्सेन यांनी समुद्रातल्या साध्या प्राण्यांच्या चेतासंस्थेचा अभ्यास हाती घेतला. १८८६ मध्ये ते इटलीत पाविया येथे कामिल्लो गॉल्जी यांच्याकडे गेले आणि चांदीच्या क्षारांनी चेतापेशी रंगवण्याची त्यांची पद्धत शिकून आले.

त्या काळी चेतासंस्था म्हणजे एकमेकांत मिसळून गेलेल्या धाग्यांचे एकसंध जाळे आहे, असे अनेकांना वाटत होते. खुद्द गॉल्जीही त्याच मताचे. नान्सेन यांनी पद्धत गॉल्जींची वापरली, पण त्यांना दिसले वेगळेच. चेतापेशींचे तंतू एकमेकांना भिडतात, मिसळत नाहीत. प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे, असे त्यांनी मांडले. पुढे स्पेनच्या काहाल यांनी हे मत भक्कम पुराव्यांनी उभे केले. आज मेंदूविज्ञानाचा तो पाया आहे. हा सिद्धांत सुरुवातीला मांडणाऱ्या मोजक्या नावांत नान्सेन यांचे नाव घेतले जाते.

१८८८ च्या वसंतात त्यांना डॉक्टरेट मिळाली आणि काही दिवसांतच हा नवा डॉक्टर ग्रीनलंडला निघाला. सहा जणांनी स्कीवरून ग्रीनलंडची हिमचादर आडवी पार करायची, असा बेत होता. त्यातही सुरुवात निर्जन पूर्व किनाऱ्याकडून करायची. म्हणजे माघारी फिरण्यात अर्थ नाही. जगायचे तर वस्ती असलेला पश्चिम किनारा गाठायलाच हवा. त्यांनी तो गाठला. मात्र शेवटचे जहाज चुकले आणि हिवाळा तिथेच काढावा लागला. त्या महिन्यांत नान्सेन इनुइट लोकांकडून कयाक चालवायला आणि थंडीत जगायला शिकले. हे शिक्षण पुढे त्यांचा जीव वाचवणार होते.

आता फ्रामकडे वळू. १८८१ मध्ये जीनेट हे अमेरिकन जहाज सैबेरियाच्या उत्तरेला बर्फात चिरडून बुडाले. तीन वर्षांनी त्याचे काही सामान ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सापडले. पृथ्वीच्या माथ्यावरून ते तिथे पोहोचले कसे? नान्सेन यांना ती वाहून आलेली लाकडे आठवली. आर्क्टिकच्या बर्फाखाली सैबेरियाकडून ग्रीनलंडकडे जाणारा प्रवाह असणार. मग त्याच्याशी झुंजायचे कशाला? मजबूत जहाज मुद्दाम बर्फात अडकवू आणि प्रवाह नेईल तिकडे जाऊ. अनेक अनुभवी ध्रुव-प्रवाशांनी या कल्पनेला वेडेपणा ठरवले. पण कॉलिन आर्चर या जहाजबांधणीकाराने गोलसर बुडाचे फ्राम बांधले. बर्फाने दाबले तर ते चिरडण्याऐवजी वर उचलले जावे, अशी त्याची घडण होती.

जून १८९३ मध्ये निघालेले हे जहाज दोन महिन्यांनी त्या सपाट समुद्रात अडले. अडकले, पण तिथेच राहिले नाही. १० सप्टेंबरला त्यांनी केप चेल्युस्किन ओलांडले आणि महिना संपण्याआधी ते बर्फात घट्ट बसले. पुढची जवळजवळ तीन वर्षे फ्राम बर्फाबरोबर वाहत राहिले.

वाहणाऱ्या जहाजावर रोजची मोजमापे सुरू होती. तळाचा ठाव घ्यायला बरोबर आणलेली दोरी पुरली नाही, कारण आर्क्टिक महासागर उथळ असेल असा समज होता. पोलादी केबल उसवून, तिचे पेड जोडून लांब दोर केला, तेव्हा खोली ३,००० मीटरपेक्षा जास्त निघाली. पृष्ठभागाच्या गोठवणाऱ्या पाण्याखाली अटलांटिकमधून आलेल्या उबदार पाण्याचा जाड थर सापडला. बर्फ वाऱ्याच्या दिशेने सरळ न जाता थोडा उजवीकडे सरकतो, हेही लक्षात आले. जहाजाचे डॉक्टर दर महिन्याला सगळ्यांचे वजन घेत, रक्तातल्या पेशी मोजत. स्कर्व्हीचा बळी कोणीही ठरले नाही.

जहाज ध्रुवावरून जाणार नाही असे दिसल्यावर मार्च १८९५ मध्ये नान्सेन आणि यालमार योहान्सेन कुत्र्यांच्या घसरगाड्या घेऊन पायी निघाले. ८६ अंश १४ मिनिटे उत्तर अक्षांशापर्यंत ते पोहोचले. तोवर इतक्या उत्तरेला माणूस गेला नव्हता. परत फिरताना फ्रान्झ योसेफ लँडवर दगडांच्या खोपटात त्यांनी अख्खा हिवाळा काढला. अन्न म्हणजे अस्वलाचे मांस, दिवा वॉलरसच्या चरबीचा. स्कर्व्ही तर झाला नाहीच, उलट दोघांचे वजन वाढले. ताज्या मांसातले क जीवनसत्त्व त्यांना वाचवत होते. त्या जीवनसत्त्वाचा शोध मात्र तेव्हा लागायचा होता. जून १८९६ मध्ये योगायोगाने एका इंग्लिश मोहिमेशी गाठ पडली आणि ऑगस्टमध्ये दोघे नॉर्वेला पोहोचले. आठवडाभरात फ्रामही सुखरूप आले. तेराच्या तेरा जण जिवंत होते.

देशाने त्यांना डोक्यावर घेतले. पण नान्सेन यांच्या वह्यांत अनुत्तरित प्रश्नांची यादी होती. त्यातला एक होता त्या अडलेल्या जहाजाचा.

हा अनुभव खलाशांना नवा नव्हता. नॉर्वेच्या फ्योर्डमध्ये, नद्यांचे आणि वितळलेल्या बर्फाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर पसरते, तिथे होड्या अशाच अडत. कोळी त्याला मेलेले पाणी म्हणत. रोमन काळापासून काहींची समजूत होती की एक मासा जहाजाला चिकटून त्याला धरून ठेवतो. उपायही अजब होते. कोणी जहाजापुढे तेल ओतत, कोणी वल्ह्यांनी पाणी झोडपत, कोणी सगळ्या खलाशांना डेकवर पुढे-मागे पळवत, तर कोणी पाण्यात बंदुका झाडत!

नान्सेन यांना कारणाचा अर्धा अंदाज आला होता. गोड्या पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावरून घसरतो आणि जहाज तो थर स्वतःबरोबर ओढत नेते, असे त्यांना वाटत होते. पण एवढ्याने समाधान होईना. गणित हा आपला प्रांत नाही हे ओळखून त्यांनी हा प्रश्न विल्हेल्म ब्यर्कनेस या भौतिकशास्त्रज्ञासमोर ठेवला. ब्यर्कनेस यांनी वेगळा तर्क केला. जहाज पाण्याचा थर ओढत नाही. ते दोन थरांच्या सीमेवर लाटा उठवत असते. इंजिनाची ताकद त्या न दिसणाऱ्या लाटांत खर्च होते. हा तर्क तपासायचे काम त्यांनी वाल्फ्रिद एकमन या तरुण स्वीडिश विद्यार्थ्याकडे सोपवले.

एकमन यांनी काचेच्या टाकीत खाली खारे आणि वर गोडे पाणी भरले आणि त्यावरून फ्रामची छोटी प्रतिकृती ओढली. वरचे पाणी जवळजवळ हललेच नाही. पण काचेतून बाजूने पाहिले, तर दोन पाण्यांच्या सीमेवर मोठाल्या लाटा उठत होत्या आणि नेमक्या त्याच वेळी प्रतिकृतीचा वेग पडत होता. १९०४ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला, तो फ्राम मोहिमेच्या वैज्ञानिक ग्रंथमालेत. संपादक होते नान्सेन. म्हणजे स्वतःचा अंदाज दुरुस्त करणारे उत्तर त्यांनी स्वतःच्याच ग्रंथमालेत छापले. उजवीकडे सरकणाऱ्या बर्फाचा प्रश्नही एकमन यांनीच सोडवला आणि त्यातून वाऱ्याने समुद्रात प्रवाह कसे निर्माण होतात याचा सिद्धांत जन्मला.

हे घरीही पाहता येईल. प्लास्टिकची स्वच्छ बाटली घ्या. अर्धी निळ्या रंगाच्या पाण्याने आणि उरलेली खाद्यतेलाने काठोकाठ भरा. झाकण लावून बाटली आडवी धरा आणि हळूच एका बाजूला कलती करा. वर हवा नाही, म्हणून वरची पातळी हलायचा प्रश्नच नाही. पण तेल आणि पाणी यांच्या सीमेवर एक मोठी, संथ लाट या टोकापासून त्या टोकापर्यंत जाताना दिसेल.

ही लाट एवढी मोठी आणि एवढी संथ का? समुद्राची नेहमीची लाट म्हणजे पाणी हवेत उचलणे. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट जड, म्हणून ते उचलायला ताकद लागते आणि उचलले की ते झपाट्याने खाली येते. पण किंचित जड पाणी किंचित हलक्या पाण्यात उचलायला फारच कमी ताकद पुरते. खालचे पाणी वरच्यापेक्षा थोडेच जड असते, त्यामुळे त्याला खाली खेचणारे बळही क्षीण. म्हणून अशी लाट खूप उंच होते आणि सावकाश चालते. जहाजाचा वेग या लाटेच्या वेगापेक्षा कमी असेल तर जहाज त्या लाटेच्या कचाट्यात सापडते. जास्त असेल तर ते सुटते.

इथे प्रश्न संपायला हवा होता. पण नान्सेन यांना तो पुन्हा भेटला आणि या वेळी तो जहाजापेक्षा खूप मोठा होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते ब्यर्न हेलान-हान्सेन यांच्यासह नॉर्वेजियन समुद्राचा अभ्यास करत होते. ठरावीक खोलीवरचे पाणी जसेच्या तसे वर आणण्यासाठी नान्सेन यांनी धातूची एक बाटली विकसित केली होती. नान्सेन बाटली म्हणून ती पुढे जगभरच्या संशोधन जहाजांवर अनेक दशके वापरली गेली. तिच्या साहाय्याने तापमान आणि क्षारता मोजताना या दोघांना एक विचित्र गोष्ट दिसली. एकाच तापमानाच्या पाण्याची पातळी खोल समुद्रात सरळ रेषेत नव्हती. ती वर-खाली होत होती, लाटांसारखी. तिथे ना जहाज होते, ना गोड्या पाण्याचा थर. १९०९ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी या कोड्यात टाकणाऱ्या लाटांची स्पष्ट नोंद केली आणि त्यांचे स्वरूप व कारण शोधणे हा सागरविज्ञानापुढचा अतिशय तातडीचा प्रश्न आहे, असे सांगितले.

उत्तर शोधायला त्यांना स्वतःला मात्र वेळ मिळाला नाही. १९०५ मध्ये नॉर्वे स्वीडनपासून वेगळा झाला आणि नान्सेन लंडनमध्ये नव्या देशाचे पहिले दूत झाले. १९०७ च्या डिसेंबरात पत्नी एव्हा न्यूमोनियाने गेली. ते घरी पोहोचण्याआधीच सारे संपले होते. दक्षिण ध्रुवाला जाण्याचे स्वप्नही राहून गेले. फ्राम त्यांनी रोआल्ड आमुंडसेन यांना दिले. आमुंडसेन १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोहोचले, ते याच जहाजातून अंटार्क्टिकाला जाऊन.

पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने त्यांच्यावर युद्धकैद्यांना घरी पोहोचवण्याची जबाबदारी टाकली. दोन वर्षांत चार लाखांहून अधिक कैदी परतले. मग रशियातला दुष्काळ, मग देश गमावलेले निर्वासित. ज्यांना कोणतेच सरकार कागद देत नव्हते, त्यांच्यासाठी १९२२ मध्ये नान्सेन पासपोर्ट सुरू झाला. त्याच वर्षी त्यांना शांततेचे नोबेल मिळाले. १३ मे १९३० रोजी ओस्लोजवळच्या घरी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले.

त्यांनी मागे ठेवलेल्या प्रश्नाचे पुढे काय झाले? उत्तराचा एक तुकडा आपल्या अंदमान समुद्रात सापडला. तिथे शांत समुद्रावर अचानक फेसाळ पाण्याचे लांबच लांब पट्टे सरकत जाताना दिसतात, अशा नोंदी खलाशांनी एकोणिसाव्या शतकातच केल्या होत्या. १९७० च्या दशकात तेलासाठी खोदकाम करणाऱ्या एका जहाजाजवळ मोजमापे घेतली गेली. त्या पट्ट्यांखाली सुमारे ६० मीटर उंचीच्या, म्हणजे वीस मजली इमारतीएवढ्या अंतर्गत लाटा निघाल्या. दक्षिण चीन समुद्रात तर २०० मीटरपेक्षा उंच लाटा मोजल्या गेल्या आहेत. त्या उठवणारे जहाज नसते. भरती-ओहोटीचे पाणी समुद्रतळावरच्या डोंगररांगांवरून वाहताना थर ढवळते आणि लाटा निघतात. इतक्या मोठ्या लाटेने पृष्ठभाग मात्र जेमतेम हलतो. उपग्रहाच्या छायाचित्रांत या लाटा दिसतात, त्या पाण्यावरच्या खरखरीत आणि गुळगुळीत पट्ट्यांमुळे.

हे फक्त कुतूहलापुरते नाही. पाणबुडीला अशी लाट काही मिनिटांत खोल खेचू शकते. एप्रिल २०२१ मध्ये इंडोनेशियाची नांगाला ही पाणबुडी ५३ जणांसह बुडाली, तेव्हा तिथल्या नौदल अधिकाऱ्यांनी अंतर्गत लाटेची शक्यता बोलून दाखवली होती. दुसरीकडे याच लाटा जीवही वाचवतात. त्या खालचे थंड, पोषक पाणी वर आणतात. अंदमान समुद्रातल्या सिमिलान बेटांजवळ, जिथे या लाटा आदळतात, तिथल्या प्रवाळांना उष्णतेच्या काळात त्याचा फायदा झाल्याचे अभ्यासकांना दिसले आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे या लाटा खोल समुद्रात फुटतात तेव्हा वरचे आणि खालचे पाणी मिसळते. समुद्र वातावरणातली उष्णता किती खोलवर आणि किती वेगाने मुरवणार, हे या मिसळण्यावरही अवलंबून आहे. हवामानाचे अंदाज बांधणाऱ्यांना म्हणूनच आज या लाटांचा हिशेब ठेवावा लागतो.

फ्राम आज ओस्लोच्या संग्रहालयात कोरड्या जागेवर उभे आहे. मेलेल्या पाण्यात त्याच्याआधी शेकडो जहाजे अडली असतील आणि शेकडो कप्तानांनी शिव्या हासडून पुढची वाट धरली असेल. नान्सेन यांनी वरचे पाणी गोडे आणि तोटीचे पाणी खारट, एवढे वहीत लिहिले आणि ज्याला गणित येते त्याच्या हाती ती वही दिली.